विजेची मोटार : एक हिशेब

रेडिओवरून हिशेब सांगणें हें थोडें धाडसाचेंच काम आहे. वर्गांत फळा असतो, खडू असतो, आणि मुलांचें लक्ष उडालें तर टेबलावर छडी आपटण्याची सोय असते. येथें यांतलें कांहींच नाहीं. तेव्हां ज्यांच्यापाशीं कागद-पेन्सिल असेल त्यांनीं ती हाताशीं घ्यावी. नसेल त्यांनीं बोटें मोजावीं. आंकडे मी मुद्दामच सोपे धरणार आहें.

कांहीं दिवसांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. जालन्यांत त्याची भाड्याची मोटार आहे. सकाळीं रुग्णांना घेऊन छत्रपति संभाजीनगरच्या दवाखान्यांत जावयाचें, सायंकाळीं त्यांना परत आणावयाचें, आणि उरलेल्या वेळांत बियाण्यांच्या अथवा लोखंडाच्या व्यापाऱ्यांचें गांवांतलें एखादें भाडें करावयाचें, असा त्याचा नित्यक्रम. त्याची पेट्रोलची गाडी आतां थकली आहे. तो म्हणाला, "गुरुजी, स्टँडवर सगळे म्हणतात, विजेची गाडी घे, जितकी जास्त पळेल तितका फायदा जास्त. बँक कर्ज द्यायला तयार आहे. पण अगोदर भरायच्या रकमेसाठीं बायकोचे डाग मोडावे लागतील. तुम्ही सांगा, घेऊं कीं नको?"

प्रश्न मोटारीचा होता, परंतु पणाला लागणार होते ते त्या माउलीचे डाग. म्हणून मीं तत्काळ होय किंवा नाहीं म्हटलें नाहीं. आम्ही दोघे कागद घेऊन ओसरीवर बसलों. त्या कागदावर जें उमटलें तेंच आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम तो धांवतो किती हें पाहूं. जालना ते संभाजीनगर अंतर सुमारे ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. गांवांतलीं भाडीं मिळवून रोजची सरासरी १६७ पडते. म्हणजे महिन्यास ५,००० आणि वर्षास ६०,००० किलोमीटर. घरच्या कामापुरती मोटार बाळगणारा गृहस्थ महिन्यास १,००० किलोमीटर फिरतो असें धरलें, तर आमचा हा विद्यार्थी त्याच्या पांचपट धांवतो.

आतां दर धरूं. पेट्रोल लिटरला १०५ रुपये, आणि एका लिटरांत गाडी १५ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. विजेची मोटार एका युनिटांत ६ किलोमीटर जाते असें धरूं. कंपनीच्या पत्रकांतला आंकडा याहून मोठा असतो. परंतु पत्रकांतली मोटार वैशाखांत गार हवेचें यंत्र लावून चार माणसें नेत नाहीं. शिवाय मीटरमधून निघालेलें युनिट सबंध बॅटरींत उतरत नाहीं; त्याचा कांहीं अंश वाटेंत उष्णता होऊन जातो, आणि बिल मात्र मीटरचें येतें. युनिटला १२ रुपये धरले, तर किलोमीटरला २ रुपये पडतात. हे सर्व दर मीं हिशेबासाठीं धरलेले आहेत. आपण आपल्या पंपावरचा व आपल्या बिलावरचा दर घालून तोच हिशेब पुन्हां करावा. उत्तर बदलेल, रीत बदलणार नाहीं.

सात वजा दोन, पांच. किलोमीटरला पांच रुपये वांचले. साठ हजार किलोमीटरांस तीन लाख रुपये वांचले! स्टँडवरचा हिशेब येथेंच संपतो, आणि ऐकणाऱ्याचे डोळे येथेंच दिपतात. परंतु या हिशेबांत दोन चुका आहेत.

पहिली चूक अशी कीं, आज इतका धांवणारा मनुष्य नवी गाडी घेतांना पेट्रोलची घेईलच असें नाहीं. तो सी. एन्. जी. ची, म्हणजे दाबून भरलेल्या वायूवर चालणारी गाडी घेईल. किलोला ९० रुपये आणि किलोंत साडेबावीस किलोमीटर धरले, तर किलोमीटरला चारच रुपये पडतात. म्हणजे विजेच्या गाडीचा खरा प्रतिस्पर्धी सात रुपयांचा नसून चार रुपयांचा आहे. जी गाडी आपण घेणारच नव्हतों तिच्याशीं तुलना करून फायदा मोजणें, म्हणजे जो पेढा आपण खाल्लाच नसता त्याचे पैसे वांचवल्याचा आनंद मानणें होय.

दुसरी चूक अशी कीं, इंधनाखेरीज दुसऱ्या खर्चांचा विसर पडतो. विजेची मोटार सी. एन्. जी. च्या तोडीच्या मोटारीहून ४ लाखांनीं महाग आहे असें धरूं. त्या जादा ४ लाखांवर १० टक्क्यांनीं वर्षास ४०,००० रुपये व्याज. किंमत अधिक म्हणून विमाहि अधिक. तो १०,००० नें जास्त धरूं. उलट, तिला इंजिनाचें तेल नाहीं, क्लच नाहीं, प्लग नाहींत. त्यामुळें देखभालींत किलोमीटरला ५० पैसे, म्हणजे वर्षास ३०,००० रुपये वांचतील. टायर मात्र गाडीच्या जड वजनामुळें लवकर झिजतात, तें ध्यानांत घेऊनच मीं हा आंकडा लहान ठेवला आहे.

आतां बेरीज-वजाबाकी करूं. वायूशीं तुलना करतां इंधनांत वांचले १,२०,०००. देखभालींत वांचले ३०,०००. त्यांतून व्याज व विमा मिळून ५०,००० वजा केले. राहिले वर्षाचे एक लाख. जादा किंमत चार लाख. ती चार वर्षांत फिटली. पेट्रोलच्या गाडीशीं तुलना केली आणि किंमतींतला फरक ५ लाख धरला, तर वर्षास २ लाख ७० हजार उरतात आणि एक वर्ष दहा महिन्यांत फरक फिटतो. आणि महिन्यास १,००० किलोमीटर फिरणाऱ्या आपल्या घरगुती गृहस्थाचें काय? त्याला पेट्रोलशीं तुलना करूनहि वर्षास सहाच हजार उरतात. त्याची जादा किंमत त्याच्या हयातींत फिटणें कठीण. तेव्हां "जितकी जास्त पळेल तितका फायदा जास्त" हें स्टँडवरचें वाक्य निव्वळ खोटें नाहीं. तें अपुरें आहे.

अपुरें कसें, तें पाहा. युनिटला १२ रुपये हा दर आपण घरच्या विजेचा धरला होता. रस्त्यावरच्या जलद चार्जिंग केंद्रावर करासह युनिटला साधारण १८ ते २५ रुपये पडतात. आपण २१ धरूं. सहा किलोमीटरांस २१, म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपये. वायूचे चार. वांचले अवघे आठ आणे! वर्षास ३०,०००. देखभालीचे ३०,००० मिळविले आणि व्याज-विम्याचे ५०,००० काढले, तर उरतात दहा हजार. चार लाख फिटावयास चाळीस वर्षें लागतील. अर्धी वीज घरची व अर्धी रस्त्यावरची घेतली, तर सव्वासात वर्षें लागतील. मोटार तीच, चालक तोच, किलोमीटर तेवढेच. फरक पडतो तो रात्रीं ती मोटार कोठें उभी राहते यामुळें.

हें कागदावर लिहून झाल्यावर मीं त्याला विचारलें, "अरे, तुझी गाडी रात्रीं कोठें असते?" तो म्हणाला, "देवळासमोर, रस्त्याच्या कडेला. आमच्या गल्लींत गाडी शिरत नाहीं." ज्या एका प्रश्नावर सबंध हिशेब उभा होता, तो त्याला स्टँडवर कोणीं विचारलाच नव्हता.

नॉर्वे देशांत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं दहांतल्या सुमारे नऊ विजेच्या होत्या. याचें कारण तेथील लोक आपल्याहून शहाणे आहेत असें नव्हे. तेथें पेट्रोलच्या मोटारींवर जबर कर बसविला, धबधब्यांच्या पाण्यावर मुबलक वीज होते, आणि अनेकांच्या दारांत स्वतःची मोटार व स्वतःची विजेची जोडणी आहे. परदेशचा दाखला देतांना तिथलें दारहि पाहावें, नुसती मोटार पाहूं नये.

बरें, समजा दारांत जागा आहे. तरी घरची वीज म्हणजे आयता १२ रुपयांचा दर नव्हे. वर्षास ६०,००० किलोमीटरांस १०,००० युनिटें लागतात. महिन्यास सुमारें ८३३. महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांनीं चढतो: पहिली १०० युनिटें सर्वांत स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि ५०० च्या पुढें सर्वांत महाग. ज्या घराचें बिल आजवर १०० युनिटांत राहत होतें, तें घर या मोटारीमुळें एकदम शेवटच्या पायरीवर जाऊन बसेल. यावर दोन उपाय आहेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें २०१८ सालीं विजेचीं वाहनें चार्ज करण्यासाठीं दराचा एक निराळा वर्ग केला. त्या वर्गांत स्वतंत्र मीटर आपणांस मिळेल काय, याची चौकशी गाडी घेण्यापूर्वीं महावितरणच्या कचेरींत करावी. दुसरा उपाय आपल्या डोक्यावर रोज तळपत असतो. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत ३ किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेविलें आहे. असा संच महिन्यास सुमारें ३५० युनिटें देतो. एवढ्यानें सबंध मोटार चालणार नाहीं. परंतु बिलाच्या वरच्या महाग पायऱ्या तो खालून कापतो. मात्र त्यासाठीं छप्पर स्वतःचें हवें.

आणखी एक गोष्ट, वेळेची. रोज २८ युनिटें भरावयाचीं आहेत. घरांतल्या १५ अँपिअरच्या प्लगांतून तासाला तीन युनिटें जातात. म्हणजे सव्वानऊ तास लागले. रात्रीं नऊला गाडी लावून सकाळीं सव्वासहाला काढणाऱ्यास तें जेमतेम पुरतें, आणि तेंहि रात्रभर वीज न गेल्यास. मोठा चार्जर बसविल्यास काम चार तासांत होतें. पण त्यासाठीं मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. ज्या खेड्यांत रात्रीं वीज वरचेवर जाते तेथील चालकानें हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्यावा. पहांटे दारांत रुग्ण येऊन उभा आहे आणि मोटार अर्धपोटीं आहे, हा प्रसंग रुपयांत मोजतां येत नाहीं.

आतां लांबच्या भाड्यांकडे वळूं. कारण आपल्या जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग गेल्यापासून मुंबईचीं भाडीं वाढलीं आहेत. ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग खुला झाला आणि नागपूरपासून मुंबईच्या उंबरठ्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. जालना व बदनापूर तालुक्यांतून तो जातो. या मार्गावर एप्रिल २०२५ मध्यें ठरलेल्या दरानें मोटारीस किलोमीटरला २ रुपये ६ पैसे पथकर पडतो. ३०० किलोमीटरांस ६१८ रुपये. महाराष्ट्र शासनानें २०२५ च्या विद्युत् वाहन धोरणांत या मार्गावर, तसेंच मुंबई-पुणे द्रुतगति मार्गावर व अटल सेतूवर, विजेच्या मोटारींस पथकराची संपूर्ण माफी ठेविली आहे. त्या धोरणाची मुदत २०३० पर्यंत आहे.

ही माफी मोठी आहे खरी. किलोमीटरला दोन रुपये म्हणजे रस्त्यावरची वीज घेऊन जे आठ आणे वांचत होते त्याच्या चौपट! परंतु येथें दोन गोष्टी पाहाव्या. भाड्याच्या गाडींत पथकर बहुधा गिऱ्हाईक देतें. तेव्हां माफीचा फायदा प्रथम गिऱ्हाइकाच्या खिशांत जातो, आणि चालकास मिळतें तें स्वस्त भाडें सांगून चार फेऱ्या अधिक मिळविण्याचें बळ. दुसरें, हा फायदा यंत्राच्या अंगचा नव्हे. तो शासनाच्या कागदावर उभा आहे. कागदाची मुदत संपेल तेव्हां कर्जाचे हप्ते संपलेले असतील काय, हें आजच पाहावें.

त्याच मार्गावर हलक्या मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा आहे, आणि रस्ता मोकळा दिसला कीं पाय आपोआप दाबला जातो. हवेचा विरोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ८० वरून १२० वर गेलें कीं गति दीडपट होते आणि हवेचा विरोध सव्वादोनपट. मग युनिटाला सहाऐवजीं साडेचारच किलोमीटर मिळाले तर नवल नाहीं. आणि २१ रुपयांच्या विजेवर किलोमीटरला ४ रुपये ६६ पैसे पडूं लागतात. वायूची गाडीहि वेगांत अधिक वायु पिते. तरी रस्त्यावरची वीज घेऊन वेगानें धांवणाऱ्यास विजेच्या मोटारीनें कांहीं वांचेल अशी आशा धरूं नये. एका मापानें सांगावयाचें, तर रोज घराबाहेर पडून रात्रीं घरीं परतणाऱ्या फेरीस ही मोटार मानवते. आज मुंबई, उद्यां नागपूर करणाऱ्यास ती तितकी मानवत नाहीं.

शेवटचा प्रश्न बॅटरीचा. कंपन्यांची हमी अनेकदां आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलें जें अगोदर पुरें होईल त्यापर्यंत अशी असते. घरगुती गृहस्थाच्या कानांत "आठ वर्षें" हे शब्द राहतात, आणि त्याच्यापुरते ते बरोबर आहेत. परंतु वर्षास ६०,००० धांवणाऱ्याची हमी दोन वर्षें आठ महिन्यांत संपते. वायूच्या गाडीशीं तुलना करतां जादा किंमत फिटावयास चार वर्षें लागतात हें आपण पाहिलें. म्हणजे फायदा हातीं येण्यापूर्वींच हमी निघून जाते. कांहीं कंपन्या खासगी पहिल्या मालकास याहून दीर्घ हमी देतात. ती भाड्याच्या गाडीस लागू आहे कीं नाहीं हें कागदावर वाचल्यावांचून सही करूं नये. हमी संपली म्हणजे बॅटरी संपली असें नव्हे. नीट वापरलेली बॅटरी त्यापुढेंहि पुष्कळ चालते. परंतु जालन्याचा चाळिशीपार जाणारा उन्हाळा आणि रोजचें जलद चार्जिंग या दोहोंनीं तिचें आयुष्य घटतें. म्हणून अशा चालकानें किलोमीटरला आठ आणे बॅटरीच्या नांवानें पहिल्या दिवसापासून निराळे ठेवावे. वर्षास ते ३०,००० होतात.

बॅटरी विकत न घेतां भाड्यानें घेण्याची रीतहि निघाली आहे. २०२४ सालीं विंडसर नांवाची मोटार बाजारांत आली तेव्हां किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीभाडें आकारून गाडीची किंमत कमी ठेवण्याची सोय देण्यांत आली होती. थोडें फिरणाऱ्यास ती सोयीची. परंतु आपल्या चालकास साठ हजार गुणिले साडेतीन, म्हणजे वर्षास २ लाख १० हजार भाडें पडेल, आणि वीज निराळी. घरच्या विजेचे दोन व भाड्याचे साडेतीन मिळून साडेपांच झाले. वायूचे चार होते!

आतां आमच्या विद्यार्थ्याचें काय झालें तें सांगतों. गांवाबाहेर त्याच्या मावसभावाचें घर आहे, पुढें अंगण आहे. तेथें गाडी लावून स्वतंत्र मीटर घेतां आला आणि जागेपोटीं महिन्यास १,५०० रुपये दिले, तर वर्षास १८,००० खर्च वाढेल. बॅटरीचे ३०,००० बाजूला काढावयाचे. वायूच्या गाडीशीं तुलना करतां एक लाखांतून ५२,००० उरतात. चार लाख फिटावयास सुमारें आठ वर्षें. पेट्रोलच्या गाडीशीं तुलना केल्यास सव्वादोन वर्षें. त्याच्या मार्गावर वायूचा पंप आहे. रांगेंत वेळ मोडतो, पण पंप आहे. तेव्हां मीं त्याला सांगितलें, "बाबा, तुझ्या नफ्याचा आंकडा तीन लाख नाहीं, बावन्न हजार आहे, आणि तोहि अंगण मिळालें तर. एवढ्यावर घरचे डाग मोडूं नकोस. अगोदर अंगण ठरव, मीटरचा दर लेखी घे, हमीचा कागद वाच. तिन्ही जमलें तर गाडी अवश्य घे. पुढच्या वर्षीं घेतलीस तरी कांहीं बिघडत नाहीं."

तो थोडा हिरमुसला. पण कागद घडी करून खिशांत घालून घेऊन गेला. परवां त्याचा निरोप आला कीं, मावसभाऊ कबूल आहे, महावितरणकडे अर्ज दिला आहे, आणि डाग पेटींतच आहेत.

श्रोतेहो, विजेची मोटार चांगली कीं वाईट, हें मी सांगितलें नाहीं. ती धूर सोडीत नाहीं, आवाज करीत नाहीं, चालवावयास सुखाची आहे. हे गुण कोणींहि मान्य करावे. परंतु जो मनुष्य तिच्यावर घर चालविणार आहे त्यानें गुण पाहण्याच्या अगोदर चार प्रश्न स्वतःस विचारावे. माझी गाडी रात्रीं कोठें उभी असते? तेथें युनिटाला मला खरोखर काय पडेल? मी विजेची घेतली नाहीं तर कोणती गाडी घेईन? आणि माझ्या धांवण्यानें हमी किती महिन्यांत संपेल? या चारांचीं उत्तरें प्रत्येकाचीं निराळीं येतील, म्हणून शेजाऱ्याचें उत्तर पाहून लिहूं नये. परीक्षेंत तसें केल्यास गुण जातात. येथें घरचे डाग जातात.